झकेरियाची बारी

दिव्याची वात जरा वर करा आणि असे जवळ सरका. गोष्ट एका फटफटीची आहे. तिच्याइतकी गुणी चीज माझ्या हाती दुसरी आली नाही. बायकोचं सोडून बोलतोय, कारण ती आत चुलीपाशी कान देऊन बसली आहे.

मी देवी डॉक्टर. लोक म्हणतात म्हणून डॉक्टर. खरं म्हणजे गावोगाव फिरून पोरांना देवीची लस टोचणारा सरकारी नोकर. राहायचं महाडात आणि पोलादपूरवरून कशेडीच्या माथ्यापर्यंत जेवढ्या वाड्या लागतील तेवढ्या पालथ्या घालायच्या. लस बेळगावाहून टपालानं यायची, बारीक काचेच्या नळ्यांतून. उन्हाशी तिचं हाडवैर. ओल्या फडक्यात कितीही गुंडाळा, दोन दिवस डोंगर तुडवेपर्यंत ती मरून जायची, आणि मेलेली लस टोचली काय नि पाणी टोचलं काय, सारखंच. पायी हिंडण्यात माझ्या हातून अशी मेलेली लस किती दंडांवर गेली असेल, देव जाणे. पुढे त्यातली काही पोरं देवीनं गेली. त्यांच्या आया मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तीन वर्षं झाली त्या साली मी फटफटी घ्यायचं ठरवलं. नवी घेण्याची ऐपत नव्हती. आमच्या आळीतल्या शरिफाचाचीच्या पडवीत एक होती, तिचा नवरा झकेरिया वारल्यापासून गोणपाटाखाली झाकलेली. झकेरिया वीस वर्षं आगबोटींवर तेलवाला होता, म्हणजे बोटीच्या पोटातल्या इंजिनाला तेल घालणारा. नोकरी सुटल्यावर त्यानं मुंबईत कुण्या साहेबानं अडगळीत टाकलेली ही विलायती फटफटी स्वस्तात घेतली, लाँचमधून दासगावच्या बंदरात उतरवली आणि तिथून महाडापर्यंत हातानं ढकलत आणली. चालवत का नाही आणली, तर म्हणे आधी उघडून आतून बघितल्याशिवाय इंजिन फिरवणं हा गुन्हा आहे.

गाडी अशी लहानखुरी की दोघांनी उचलून माळ्यावर ठेवावी. अडीच घोड्यांचं एकच नळकांडं, मागच्या चाकाला चामड्याचा पट्टा, दोन गिअर, क्लच नाहीच. सुरू करायची तर ढकलत पळायचं, आणि तिनं खोकून जीव धरला की टांग टाकून वर बसायचं. आवाजावरून बाजारातले टवाळ तिला 'डॉक्टरची बकरी' म्हणत. म्हणोत बापडे. ह्या बकरीनं मला सावित्रीच्या रेतीतून नेलं, बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांतून नेलं, आणि दोन दिवसांच्या फेऱ्या दुपारच्या जेवणाआधी उरकून दिल्या. त्या वर्षी माझी लस जिवंत पोहोचू लागली. पोराच्या दंडावर फोड धरला, म्हणजे लस लागली, की घरी येऊन त्या गाडीची दृष्ट काढावीशी वाटे.

फक्त तिच्या तेलाचं पथ्य सांभाळावं लागे. टाकीतच तेलाचा वेगळा कप्पा आणि त्यावर बोटभर उंचीचा पितळी पंप. दर चार मैलांनी तो आपण हातानं एकदा दाबायचा. विसरलात की आतला दट्ट्या तापून जागीच चिकटला. दोनदा दाबलात की प्लग काजळला. शरिफाचाचीनं गाडी देताना हे सगळं नवऱ्याच्या तोंडचं मला पाठ म्हणून दाखवलं. मग उजवा पंजा उलटा केला आणि त्याची मागची बाजू नळकांड्याला लावली.

"असा हात लावायचा, सहदेवभाऊ. तळवा नाय लावायचा. तळव्याला घट्टे पडतात, तो खोटं सांगतो. पालथा हात खोटं सांगत नाय."

पहिले काही महिने मी आळस केला, कबूल करतो. फेरीवरून दमून यायचं, गाडी पडवीत टेकवायची आणि प्लग उद्या पुसू म्हणायचं. उद्या पुसायला जावं तर प्लग पुसलेला. पट्टा सैल पडलेला असायचा, तो सकाळी आवळलेला. बायकोला, मैनाला विचारलं, तर म्हणाली, "मी कशाला हात लावते त्या बकरीला!" मला वाटलं, बरं आहे, फुकटचा मिस्त्री मिळाला. शेजारचा कुणी हौशी माणूस असेल, येईल कधीतरी समोर.

मग एका सकाळी पाहिलं, तर नळकांड्यावर बसलेली धूळ एका जागी पुसली गेली होती, चार बोटांच्या पेरांएवढी. गाडी आदल्या दुपारपासून उभी होती. सगळं लोखंड दवानं गार पडलं होतं. त्या पुसलेल्या जागेवर मी सहज पालथा हात ठेवला... आणि ती तेवढी जागा गरम होती.

तसाच उठून शरिफाचाचीकडे गेलो. ती सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी सांगत होतो तोवर तिचे हात थांबले नाहीत.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "आमच्या पडवीत पन यायचे."

"चाची, मग आधी सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर घेतली असती?"

मग ती आवाज अगदी खाली आणून सांगू लागली.

"बोटीवर चार तासांची बारी असते, भाऊ. वेळ संपली म्हनून तेलवाल्यानं निघून जायचं नाय. दुसरा येनार, इंजिनाला पालथा हात लावनार, 'बारी घेतली' म्हननार, मगच पयला वर जानार. दुसरा नाय आला तर तिथंच उभं ऱ्हायाचं. एकदा तुफानात जोडीदार आजारी पडला, तर हे सोळा तास उभे व्हते... गेले तवा कशेडीच्या घाटात गाडीपाशी बसलेले सापडले. हात इंजिनावर. बारी घ्यायला कोन नव्हतं."

"मग कुणीतरी घ्यावी की. दोन तर शब्द."

"गाडी चालवनाऱ्यानंच घ्यायची असते." आता मात्र तिनं सूप खाली ठेवलं. "आनि जो घेतो, त्याला फुडं कोनीतरी सोडवावं लागतं. म्हनून तुम्हाला बोलले नाय. पोराबाळांचे धनी तुम्ही."

मला भीती वाटली, नाही असं नाही. पण खरं सांगू का, भीतीहून कौतुक जास्त वाटलं. मेला तरी माणूस कामावरून उठत नाही! आमच्या कचेरीत जिवंतपणी कुणी दुपारी तीननंतर जागेवर सापडत नसे. त्या दिवसापासून मी आळस सोडला. फेरीहून आलो की आधी गाडी, मग जेवण. प्लग पुसायचो, कार्बोरेटर फुंकायचो, पट्ट्याला राळ लावायचो. त्याच्यासाठी काही काम उरू नये एवढाच हेतू. तरी सकाळी नळकांड्यावर चार पेरांची खूण असायचीच. माझ्या कामाची तपासणी व्हायची म्हणा ना. मलाही त्याची सवय झाली.

माघ महिन्यात कशेडीवरून माणूस आला. माझी धाकटी बहीण आवडी तिथल्या वाडीत दिलेली. वाडीत देवी आल्या होत्या. आवडीच्या शेजारच्या घरातली दोन पोरं चार दिवसांत गेली होती. आवडीला दोन, रामा आणि ठकी. त्या दोघांना मीच टोचलं होतं, पायी हिंडायचो तेव्हा, आणि त्यांच्या दंडांवर फोड धरला नव्हता. पुन्हा टोचू म्हणालो होतो. ते राहून गेलं होतं. सख्ख्या भाच्यांचं राहून गेलं.

बेळगावला तार केली. लस आली ती सहाव्या दिवशी संध्याकाळी, वाटेत उन्हातान्हात फिरून. एकाच डबीत सगळ्या नळ्या. फार तर उद्याचं ऊन चढेपर्यंत ती जगेल, असा माझा अंदाज होता. त्यानंतरची लस यायला आणखी आठवडा गेला असता, आणि शेजारच्या घरातून आवडीच्या घरात यायला देवीला आठवडा कशाला हवा?

सकाळी फटफटताच निघायचं ठरलं. डबी ओल्या फडक्यात, फडकं केळीच्या सोपटात, सोपट छातीशी सदऱ्याच्या आत. गाडीचं तेल बघितलं तर कप्प्याचा तळ दिसत होता. तेलाचा डबा लाँचनं यायचा, तो आलाच नव्हता. आणि तिथं मी चूक केली. आमच्या भागात करंजेल, म्हणजे करंजाच्या बियांचं तेल, बैलगाडीच्या आसाला चालतं, दिव्याला चालतं, खरजेला चालतं. फटफटीला का चालू नये? बाटलीभर करंजेल कप्प्यात ओतलं आणि निघालो. आमच्याकडच्या कुठल्याही शहाण्या माणसानं हेच केलं असतं.

पोलादपूरपर्यंत गाडी कुरकुरत का होईना, आली. मागं निळा धूर आणि त्याचा कडू वास. घाट लागला तसा खोऱ्यातून धुकं वर चढू लागलं. आधी कठड्याचे दगड गेले, मग समोरची वाट गेली, मग माझे मलाच हँडलवरचे हात पुसट दिसू लागले. चौथं वळण ओलांडलं आणि इंजिन घशात घास अडकावा तसं दोनदा आचकलं आणि थांबलं.

प्लग काढला. करंजेल जळून त्यावर डांबरासारखा थर बसला होता. पुसला, खरवडला, लावला, ढकलत पळालो. नाही. पुन्हा काढला, पुन्हा पळालो. नाही. तिसऱ्यांदा पळताना पाय घसरून पडलो, पण डबीवर नाही, पाठीवर पडलो. तसाच उताणा पडून राहिलो. वर धुक्यात उजेड वाढत होता. ऊन चढत होतं. वाडी अजून पाच मैल चढणीची. पायी गेलो तर पोहोचणार होतो मी, लस नाही. मला रडू आलं, आणि मी रडलो.

मग ते ऐकू आलं. पावलं. मातीच्या रस्त्यावर पावलं वाजतात तशी नाही... लोखंडी जाळीवर जड बूट घालून कुणी चालावं, तशी. टण्... टण्... टण्... सावकाश. घाई नसलेली. करंजेलाचा वास गेला आणि त्याजागी दगडी कोळशाचा, वाफेचा, गरम ग्रीसचा वास आला. महाडच्या माणसाला हा वास लाँचवर एकदा तरी भेटलेला असतो; पण आम्ही होतो डोंगरात, समुद्रापासून वीस-पंचवीस मैल आत.

मी उठून बसलो. गाडीच्या पलीकडे तो वाकला होता. चेहरा मला दिसला नाही. कोपरापर्यंत उघडे हात तेवढे दिसले, आणि ते हात काय सुंदर काम करत होते म्हणून सांगू! तापलेला प्लग त्यांनी पाना न लावता, नुसत्या बोटांनी सोडवला. कुठे धडपड नाही, कुठे वाया गेलेली हालचाल नाही. पट्टा चाचपला, तारा चाचपल्या, कप्प्याचं झाकण उघडून त्यात काहीतरी ओतलं. भीतीनं माझ्या अंगावर काटा उभा होता, तरी डोळे त्या हातांवरून हलेनात. सगळं झाल्यावर उजवा हात पालथा झाला आणि नळकांड्यावर टेकला.

आणि तो थांबला. बाजूला होईना.

मी उठलो, हँडल धरलं, ढकलायला गेलो. गाडी जमिनीत पुरल्यासारखी. तो हात तिथंच. मला कळलं, तो कशाची वाट बघतोय.

"झकेरियाभाई," मी म्हणालो, "आज जाऊ द्या... परत आलो की बघू. माझी भाचरं..."

हात हलला नाही. शरिफाचाचीचं शेवटचं बोलणं मला आठवत होतं, शब्दनशब्द. मैना आठवली, घरची पोरं आठवली. छातीशी धरलेली डबी आता गार लागत नव्हती.

मी माझा उजवा पंजा उलटा केला आणि त्याच्या हाताशेजारी नळकांड्यावर ठेवला. चटका असा बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण मी हात काढला नाही.

"बारी घेतली," मी म्हणालो. "जा तुम्ही. झोपा आता."

कानापाशी कुणीतरी लांब श्वास सोडला. मग पावलं निघाली. ती रस्त्यानं गेली नाहीत, भाऊ. घाटाच्या कडेवरून, जिथं खाली नुसती दरी आहे, तिथून वर गेली... एकेक पायरी, लोखंडी शिडी चढून जावी तशी, धुक्यात उंच उंच, ऐकू येईनाशी होईपर्यंत.

गाडी पहिल्या ढकलीला सुरू झाली. चढणीवर, उभ्या उभ्या. माथ्यापर्यंत एकदाही खोकली नाही.

आवडी दारातच होती. पोरांना पाठीशी घालून म्हणाली, "दादा, देवी वाडीत आल्यावर सुई लावू नाय म्हनतात रं. कोपंल ती."

"कोपली तर माझ्यावर कोपू दे," मी म्हणालो. "माझं नाव सांग तिला."

ती माझ्या भाजलेल्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं रामाचा दंड पुढे केला. दोघांचेही फोड चौथ्या दिवशी धरले. वाडीतली आणखी पाच पोरं त्या साथीत गेली. रामा आज दोन बैलांचा नांगर धरतो आणि ठकीचं गेल्या वर्षी लग्न झालं. तिच्या लग्नात मी ह्याच भाजलेल्या हातानं अक्षता टाकल्या.

त्यानंतर गाडीला रात्रीत कुणी हात लावला नाही. प्लग जसा काळा ठेवावा तसा सकाळी काळाच. पुढची सात वर्षं सगळं मीच केलं, आणि झकेरियाला लाज वाटणार नाही असं केलं. लोकांच्या नव्या गाड्या तीन वर्षांत भंगारात जाताना बघितल्या. माझी बकरी आपली घाट चढतेच आहे. शेवटी कमरेनं संप पुकारला. ढकलत पळणं होईना. पोलादपूरचा शाळामास्तर महिपती बरेच दिवस मागं लागला होता, त्याला देऊन टाकली. तरणा माणूस, कष्टाळू, दोन लहान मुलींचा बाप. देताना त्याला पंप समजावला, पट्टा समजावला, पालथा हात लावायला शिकवलं. बारीचं बोललो नाही. एवढ्या वर्षांत मला काही त्रास झाला नव्हता. म्हटलं, असेल माफ झालं.

मग वैशाखात घरावरची कौलं चाळताना मी खाली आलो. मांडीपासून घोट्यापर्यंत हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आहेत, त्या तुम्ही बघताच आहात. तेव्हापासून ह्या अंथरुणावर.

परवा महिपती आला. मी गोधडी पांघरून असाच भिंतीला टेकून बसलो होतो. तो बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला.

"भाऊ, राग मानू नका," शेवटी म्हणाला. "पण ह्या वयात पहाटे पहाटे एवढ्या लांब यायचं, हे काही बरं नाही. गाडी मी नीट ठेवतो हो."

मी पायांवरची गोधडी सारखी केली.

"काम तुमचं झकास. प्लग असा पुसता की माझी मला लाज वाटते. पण बायको घाबरते. तुम्ही बसत नाही, बोलत नाही, नुसता हात लावून उभे असता..."

तेव्हा मला कळलं. कुणी काही माफ केलेलं नव्हतं. आणि सुटका समोरच बसली होती, चष्मा पुसत. त्याला म्हटलं असतं, महिपती, गंमत म्हणून दोन शब्द म्हण रे, तर हसत हसत म्हणाला असता. त्याच्या धाकटीला मीच टोचलं आहे, कळशीएवढी होती तेव्हा. माझ्या भाच्यांची किंमत मी कबूल केली होती. ती त्या पोरीच्या बापाच्या गळ्यात कशी घालू? जीभ टाळ्याला लावून गप्प बसलो. आयुष्यात एवढं जड काम दुसरं केलं नाही.

"बरं," मी म्हणालो. "गाडी कशी चालते?"

"लोण्यासारखी!"

त्याला बरं वाटलं. निघताना पाया पडायला वाकला आणि पाय सापडेनात म्हणून त्यानं गोधडीचं टोक वर केलं. कामट्या दिसल्या. तो वाकलेलाच राहिला.

"हे... कधी झालं?"

"अक्षय्यतृतीयेच्या दुसऱ्या दिवशी. दीड महिना झाला, उंबरठा ओलांडला नाही."

महिपती उभा राहिला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"मग काल पहाटे मी तुम्हाला गोठ्यापाशी चहा आणून दिला... तुम्ही कप रिकामा करून परत दिलात..."

"आलं जरा जास्त झालं होतं," मी म्हणालो.

बोलून गेलो, आणि मग माझं मलाच ऐकू आलं. आतून मैनानं विचारलं, कसलं आलं? महिपती तोवर अंगणातून पळत सुटला होता. आत येताना दारात एक वहाणांचा जोड पाहिलात ना, तो त्याचा.